मेजरसाहेबांचा सत्कार

दक्षिण जर्मनीत, बॉबलिंगेनमध्ये आम्ही राहतो त्या इमारतीत तळमजल्यावर एक इंग्रज गृहस्थ राहतात. साठी ओलांडलेले, उंच, पाठ अजून ताठ. ब्रिटिश सैन्यातून मेजर म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांची पलटण उत्तर जर्मनीत होती, तिथे इकडच्या एका बाईंशी त्यांचं लग्न झालं, आणि नोकरी संपल्यावर दोघं बाईंच्या गावी येऊन राहिले. आम्ही इथे आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी त्या बाई गेल्या. मेजर एकटेच राहिले. आमची जिना झाडायची पाळी, इथे केअरवोखं म्हणतात ती, आमच्या ऑफिसच्या गडबडीत हुकली, की ते काही न बोलता आमच्या मजल्यापर्यंत झाडून जायचे. मग दारात भेटले की मला कसंसंच व्हायचं.

त्यांच्या सैनिकी आयुष्याबद्दल आम्हाला काहीच माहीत नव्हतं. घरात ना बंदूक, ना गणवेशातला फोटो. एकदा माझ्या मुलीने विचारलं होतं, तुम्ही सैन्यात काय करायचात? ते म्हणाले, "बहुतेक वेळ चिखलात उभा असायचो."

हे सगळं बदललं ते माझे सासरे इथे आले त्या उन्हाळ्यात.

सासरे सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे. त्याच गावच्या शाळेत शिकले, तिथेच शिक्षक झाले आणि हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. सासूबाई गेल्यापासून एकटे असतात. माझ्या नवऱ्याने बरंच मागे लागून त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं, आणि ते आले त्याच महिन्यात त्याचं दुसऱ्या शहरातलं प्रोजेक्ट सुरू झालं. तो सोमवारी जायचा तो शुक्रवारी यायचा. त्यामुळे बाबांची सगळी जबाबदारी माझ्यावर.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी सारखी ओशाळलेली असायचे. बाबा पहाटे बाल्कनीत उभे राहून खाकरायचे, ते समोरच्या इमारतीपर्यंत ऐकू जायचं. रविवारी दुपारी, जेव्हा इथे कुणी खिळासुद्धा ठोकत नाही, तेव्हा त्यांनी शेंगदाण्याच्या कुटासाठी मिक्सर लावला आणि वरच्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, समोर बसलेल्या अनोळखी माणसाला ते हात जोडून नमस्कार करायचे, आणि तो गोंधळून खिडकीबाहेर बघू लागला की मी मोबाइलमध्ये डोकं खुपसायचे. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. आजोबा मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघांचं अगदी छान चालायचं. लाज वाटायची ती मला एकटीलाच.

जुलैच्या शेवटी मेजरांकडे इंग्लंडहून एक पाहुणे आले. त्यांच्याच वयाचे, जाडजूड, मोठ्या आवाजाचे. डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता. संध्याकाळी मागच्या अंगणात मेजरांनी ग्रिल लावलं आणि आम्हालाही बोलावलं. मेजर पाव आणायला आत गेले तेवढ्यात पाहुणे माझ्याकडे झुकून म्हणाले, "तुमच्या खाली कोण राहतं माहीत आहे का तुम्हाला?"

आणि त्यांनी सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी दक्षिण अटलांटिकमधल्या बेटांसाठी ब्रिटनने जी लढाई केली, तिच्यात हे दोघं एकाच तुकडीत होते. मेजर तेव्हा कोवळे लेफ्टनंट. पहाटेच्या हल्ल्यात तुकडी सुरुंग पेरलेल्या जमिनीत अडकली, वरून गोळीबार चालू. लेफ्टनंट पुन्हा पुन्हा त्या सुरुंगांत शिरले आणि एकेका जखमी शिपायाला पाठीवर घालून बाहेर घेऊन आले.

"त्यातला एक मी," पाहुणे म्हणाले. "राणीने स्वतःच्या हाताने त्याच्या छातीवर पदक लावलं. आणि हा माणूस ते पदक कुठे ठेवतो विचारा. मोज्यांच्या खणात!"

मी बाबांना हे सगळं मराठीत सांगितलं. बाबा ताडकन उठून उभे राहिले. मेजर पावाची टोपली घेऊन बाहेर आले, तर समोर बाबा कडक सॅल्यूट ठोकून उभे. मेजर थांबले. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. टोपली टेबलावर ठेवून सॉसेज उलटायला लागले.

बाबांच्या आनंदाला कारण होतं. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजेसासरे, इंग्रजांच्या फौजेत शिपाई होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले होते. त्यांनाही शौर्यपदक मिळालं होतं. गावच्या घरात बाहेरच्या खोलीत त्यांचा पदकं लावलेला फोटो आहे, आणि लग्न होऊन गेल्यावर मला पहिल्यांदा दाखवला तो तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "आपल्या मंडळात त्यांचा सत्कार करायचा."

"कुणाचा?"

"मेजरसाहेबांचा. आणखी कुणाचा? शाल, श्रीफळ. रीतसर."

आमच्या भागातलं मराठी मंडळ म्हणजे पुण्या-मुंबईकडची आयटीतली आणि मोटार कंपन्यांतली माणसं. बाबांनी मंडळाच्या अध्यक्षांना स्वतः फोन केला. अध्यक्षांना आधी वाटलं बाबा पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाबद्दल बोलतायत. "काका, स्वातंत्र्यदिनाला इंग्रजाचा सत्कार? लोक काय म्हणतील?" शेवटी गणपतीत करायचं ठरलं.

मी खाली जाऊन मेजरांना विचारलं. ते दारातच उभे होते. म्हणाले, "नको. प्लीज. खरंच नको."

मी वर येऊन सांगितलं, "बाबा, ते नको म्हणतायत."

"मोठी माणसं आधी नकोच म्हणतात. म्हणून आपण सोडून द्यायचं का? तू परत विचार."

मी परत विचारलं. मेजर म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांना सांगा, मी आभारी आहे. पण नाही." मी तेही जसंच्या तसं सांगितलं. बाबा हसले. हेडमास्तरकी करताना गावातल्या किती कार्यक्रमांना त्यांनी असे नको-नको म्हणणारे पाहुणे आणून बसवले असतील, देव जाणे. मग ते स्वतःच खाली गेले, माझ्या मुलीला घेऊन. तिने जर्मनमध्ये सांगितलं, आमच्याकडे गणपतीचं जेवण आहे, मोदक असतात, तुम्ही या. मेजर तिला नाही म्हणू शकले नाहीत. जेवायला येतो म्हणाले.

मंडळाच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. आरती झाली, मुलांचे नाच झाले. मेजर मागच्या रांगेत नीट इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मग अध्यक्षांनी माइक हातात घेतला आणि आज आपल्यामध्ये एक खरा वीर आहे असं म्हणून त्यांना पुढे बोलावलं. मेजरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. तो राग नव्हता. पुढे काय होणार हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाची नजर होती ती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ते उठले आणि चालत पुढे गेले.

बाबांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मग बाबांनी पाठ करून ठेवलेलं छोटं भाषण केलं. आपल्या वडिलांबद्दल बोलले, इटलीबद्दल, पदकाबद्दल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग समोरून कुणीतरी इंग्रजीत ओरडलं, "सर, सांगा ना, नेमकं काय झालं ते!"

अध्यक्षांनी माइक मेजरांच्या हातात दिला आणि मला खूण केली. देशातून आलेली आईवडील मंडळी पुढच्या रांगांत होती, त्यांच्यासाठी मराठीत सांगायला. मी मेजरांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

मेजर माइक हनुवटीपासून जरा लांब धरून सावकाश बोलले. एक एक वाक्य बोलून थांबायचे, मला वेळ द्यायचे.

"त्या पहाटे धुकं होतं."

मी सांगितलं.

"आम्हाला एका दगडी भिंतीच्या डाव्या बाजूने जायचं होतं. मी उजव्या बाजूने नेलं. नकाशा माझ्या हातात होता. माझ्या सार्जंटने मला विचारलं होतं, सर, नक्की हीच बाजू का? मी म्हणालो, हीच."

मी सांगितलं.

"ज्यांना मी बाहेर आणलं, त्यांना आत मीच नेलं होतं. नंतर सगळ्यांनी धुक्याला दोष दिला. मीही देऊ दिला. आणि त्याबद्दल मला पदक मिळालं." त्यांनी हातातल्या नारळाकडे पाहिलं. "जेवण फार छान होतं. आभारी आहे."

माझं मराठी संपलं. मग अध्यक्षांनी घाईघाईने माइक घेतला आणि म्हणाले, "याला म्हणतात विनम्रता! एवढा मोठा माणूस, आणि बघा!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधीपेक्षा जास्त. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी उठून मेजरांचे हात हातात घेतले. मेजर शाल पांघरून, नारळ धरून उभे, आणि टाळ्या थांबेनात. आयुष्यात मी बऱ्याच वेळा शरमले आहे, पण इतक्या माणसांच्या वतीने एकदम शरमण्याची ती पहिलीच वेळ.

घरी येताना गाडीत मेजर पुढे माझ्या शेजारी बसले. शाल घडी करून मांडीवर ठेवली होती. मागे बाबा आणि मुलगी. मग मुलीने जर्मनमध्ये विचारलं, "त्यातले किती जण मेले?"

मी तिला गप्प करणार तेवढ्यात मेजर जर्मनमध्येच म्हणाले, "दोघं."

बाबांना तेवढं जर्मन आता येत होतं.

त्यानंतर बाबा बदलले. बाल्कनीतलं खाकरणं बंद झालं. फिरायला जाईनात. जेवायला बसले की अर्धी पोळी तशीच. मला वाटलं, आपण ज्याचा सत्कार केला तो माणूस तसला निघाला, याचं त्यांना वाईट वाटतंय. मी समजूत घालायला म्हटलं, "बाबा, तुमचा हेतू चांगलाच होता ना. तुम्हाला काय ठाऊक होतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "ठाऊक असायला हवं होतं," म्हणाले. मग म्हणाले, "मला खाली घेऊन चल. माझं इंग्रजी पुरायचं नाही."

मेजरांच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो. त्यांनी चहा केला. मला वाटत होतं बाबा माफी मागतील आणि आम्ही पाच मिनिटांत वर येऊ. बाबांनी कप बाजूला सरकवला आणि बोलायला सुरुवात केली.

"माझे वडील इटलीहून आले त्यानंतरचा मी. त्यांनी तिकडे काय केलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पदकं ट्रंकेत तळाशी असायची. मी शिक्षक झालो तेव्हा ती ट्रंकेतून काढली. मीच. आणि दर पंधरा ऑगस्टला मी त्यांना शाळेत आणून झेंड्याशेजारी उभं करायचो, पदकं लावून. पोरांना सांगायचो, बघा, हे वीर."

मी इंग्रजीत सांगत होते. मेजर माझ्याकडे नाही, बाबांकडेच बघत होते.

"ते दर वर्षी म्हणायचे, या वर्षी नको. मला वाटायचं, म्हातारपणी लाजतायत. शेवटच्या वर्षी ते आले ते पदकं न लावताच. साधा सदरा, टोपी. मी शाळेच्या शिपायाला घरी पिटाळलं, पदकं मागवली, आणि सगळ्या शाळेसमोर त्यांच्या सदऱ्याला लावली. मला हळूच म्हणाले, पोरा, काढ रे हे. मी म्हटलं, थांबा जरा, राष्ट्रगीत होऊ दे."

इथे बाबांना रडू फुटलं. माझ्यासमोर ते कधी असे रडले नव्हते. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. सासऱ्यांना सुनेपुढे असं बोलावं लागणं, आणि सुनेला ते परक्या माणसाला परक्या भाषेत सांगावं लागणं, मला कुठे बघावं कळेना. बाबा म्हणाले, "तू तिकडे बघ पाहिजे तर. पण सांग त्यांना." मी ओट्यावरच्या किटलीकडे बघत सांगितलं. बाबा पुढे म्हणाले, "त्याच हिवाळ्यात ते गेले."

मेजरांनी विचारलं, "त्यांनी तिकडे काय केलं, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत का?"

"नाही," बाबा म्हणाले. मी भाषांतर करण्याआधीच, इंग्रजीत. "मी फक्त मेडल विचारलं."

माझ्या नवऱ्यालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. मी ज्या माणसाच्या खाकरण्याची, मिक्सरची, एस-बानमधल्या नमस्काराची लाज बाळगत हिंडत होते, तो हे मनात घेऊन माझ्या घरी राहत होता. माझी ती लाज किती चिल्लर होती, हे त्या स्वयंपाकघरात बसून कळलं.

मग बाबांनी डोळे पुसले आणि हेडमास्तरांच्या आवाजात विचारलं, "ते जे दोघं गेले, त्यांच्या घरी तुम्ही गेलात का?"

मेजर म्हणाले, "एकाचं कुणी नव्हतं, अनाथाश्रमात वाढलेला. दुसऱ्याच्या अंत्यविधीला गेलो होतो. गणवेशात. त्याच्या आईने माझे आभार मानले. त्यानंतर नाही गेलो."

"जाऊन या."

मेजरांनी मान हलवली. "आता चाळीस वर्षं झाली. काय सांगू?"

"हॉलमध्ये सांगितलंत ते," बाबा म्हणाले. "आम्हाला सांगून काय उपयोग? आम्ही टाळ्या वाजवल्या." मग म्हणाले, "मला ज्याच्याकडे जायचं तो माणूसच उरलेला नाही. तुमच्याकडे कोणी असेल तर जा."

त्यानंतर बाबा जाईपर्यंत दोघं रोज सकाळी तळ्याकाठी फिरायला जायचे. बोलायचे काय कोण जाणे, बाबांचं इंग्रजी आणि मेजरांचं शून्य मराठी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बाबा परत गेले. विमानतळावर मेजर आले होते. या खेपेला सॅल्यूट नाही, काही नाही, दोघांनी एकमेकांचा हात धरला आणि सोडला.

हिवाळाभर मेजर कुठेच गेले नाहीत. मी विचारलं नाही. विचारायचा मला काय अधिकार? एप्रिलमध्ये एकदा त्यांनी मला विचारलं, अमक्या दिवशी संध्याकाळी मला स्टेशनवरून घरी सोडाल का, सामान असेल. मी गेले. सामान म्हणजे एक छोटी बॅग होती. ते गाडीत बसले आणि मी गाडी सुरू करायच्या आत म्हणाले, "मी जाऊन आलो."

मी इंजिन बंद केलं.

"आई नाही राहिली आता. भाऊ आहे, त्या वेळी शाळेत होता. त्याने दार उघडलं. मी माझं नाव सांगितलं. तो म्हणाला, या आत. मी सगळं सांगितलं, भिंत, डावी बाजू, उजवी बाजू. त्याने मधे अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, आम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षापासून. उन्हाळ्यात माझ्याकडे आला होता ना माझा मित्र, पाय गेलेला? तो हॉस्पिटलमधून सुटल्यावर त्यांच्याकडे गेला आणि खरं काय ते सांगून आला. माझ्याविरुद्ध म्हणून नाही. आईला कळायला हवं म्हणून." मेजर समोरच्या काचेकडे बघत होते. "आई म्हणायची, तो पोरगा येईल एक दिवस सांगायला. दर नाताळला म्हणायची, या वर्षी येईल. तिला माझ्यावर रागवायचं नव्हतं. मी यावं एवढंच हवं होतं. ती सहा वर्षांपूर्वी गेली."

ते म्हणाले, "मला वाटत होतं, मी एक गोष्ट लपवून बसलोय. आणि ते लोक दार उघडं ठेवून बसले होते."

घरी आल्यावर मी बाबांना फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं झाली होती. मी सगळं सांगितलं.

"आई गेल्या म्हणतेस?"

"हो, बाबा."

"म्हणजे उशीर झालाच." मग म्हणाले, "पण भावाने आत घेतलं ना त्यांना? बसा म्हणाला?"

"हो. बसा म्हणाला."

"चहा दिला?"

"दिला असणार, बाबा. मी विचारलं नाही."

"विचार," बाबा म्हणाले. "उद्या खाली जा आणि विचार. आणि मला सांग."